गावपळणीतलं मेक क्लीन

हल्लीची मुलं मला विचारतात, आजी, तुम्ही कॉम्प्युटर कुठे शिकलात? मी म्हणते, पडवीत. त्यांना वाटतं मी गंमत करते. पण आचऱ्याच्या आमच्या घराच्या पडवीत, जिथे आधी नारळ रचलेले असत, तिथे ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला दोन कॉम्प्युटर होते आणि त्यांतल्या एकासमोर मी बसायची, हे खरं आहे. नारळ तेव्हा मागच्या खोलीत गेले ते अजून तिथेच आहेत.

कॉम्प्युटर आणले माझ्या भावजींनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाने. ते मुंबईत एका कंपनीत प्रोग्राम लिहायचे. तिकडची हवा त्यांच्या छातीला मानवेना, तेव्हा ओळखीतून वापरलेले दोन कॉम्प्युटर घेऊन ते गावी आले. नवरा माझा मुंबईच्या गोदीत, घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आये म्हणायची. माझं शिक्षण मॅट्रिक आणि टायपिंग, तेव्हा मी मालवणात टायपिंगच्या क्लासात शिकवत होते, रोज एसटीने जाऊन येऊन. भावजी एके दिवशी म्हणाले, "वैनी, तुमची बोटा चलतत. माका टाइप करूक माणूस होया." मी क्लास सोडला आणि घरातल्या घरात कामाला लागले. उंबरठा ओलांडला की ऑफिस.

पहिले काही महिने मी नुसतं टाइप केलं. पण माणूस रोज तेच टाइप करायला लागला की वाचायला पण लागतो. मग मी त्यांची झेरॉक्स केलेली पुस्तकं घेऊन बसायची, शेजारी शाळेतली डिक्शनरी. भाषा होती सी. मला ती आवडली, कारण कमी बोलते. मी किती बोलते हे तुम्ही बघताच आहात, म्हणून असेल.

आमच्याकडे मोठं काम एकच होतं, रेडीचं. रेडीच्या बंदरातून लोखंडाची माती बाहेर जाते. मोठी बोट किनाऱ्याला येत नाही, ती लांब समुद्रात उभी राहते. बंदरातून बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालाच्या होड्या, भरून तिच्यापर्यंत न्यायचे. आता भरलेला बार्ज बसतो खोल, आणि वाटेत पाण्याखाली वाळूचा उंचवटा. भरतीचं पाणी पुरेसं चढेपर्यंत बार्ज तिथून पार होत नाही. तेव्हा कुठल्या बार्जने कधी निघायचं, त्यांच्या पाळ्या लावाव्या लागतात. त्या पाळ्या हाताने लावत. आम्ही त्यांचा प्रोग्राम करत होतो. भरती-ओहोटीच्या वेळांच्या छापील पुस्तकातले आकडे घालायचे, बार्ज सांगायचे, की पाळ्या छापून बाहेर.

हे काम मिळालं तर पडवी चालणार होती. नाही मिळालं तर भावजी छातीसकट मुंबईला परत, कॉम्प्युटर त्यांच्यामागे, आणि मी परत मालवणच्या एसटीत. भावजींनी हे मला पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं. मला मालवणची एसटी नको होती. मला ती खुर्ची हवी होती.

आता मेकचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

प्रोग्राम एकसंध नसतो. आमचा पाच-सहा तुकड्यांचा होता. आकडे वाचायचा एक, भरतीचा एक, पाळ्यांचा एक, छापायचा एक, असे. प्रत्येक तुकडा आपण लिहितो तो कच्चा. कंपायलर नावाचा प्रोग्राम त्याचा पक्का करतो. मग सगळे पक्के तुकडे जोडले की प्रोग्राम झाला. एका तुकड्यात काही बदललं की तो परत पक्का करायचा आणि परत जोडायचा. विसरलात तर आत जुनाच राहतो, आणि तुम्ही बसता डोकं खाजवत की बदल केला तो गेला कुठे.

भावजी हे सगळं तोंडपाठ करायचे. लांबच्या लांब आज्ञा बोटांतून नुसत्या सांडायच्या. एखाद वेळी मी करायला गेले की एखादा तुकडा राहायचा. मग मी पुस्तकात मेक नावाच्या एका आज्ञेबद्दल वाचलं. एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं, कुठला पक्का तुकडा कुठल्या कच्च्यापासून होतो. मग नुसतं मेक टाइप केलं की काय बदललंय ते मेकच बघतं आणि तेवढंच करतं.

मी भावजींना म्हटलं, "ह्या सगळा तुमच्या डोक्यात आसा. डोक्याची कॉपी फ्लॉपीवर येणा नाय."

"वैनी, मुंबयत आमी मेकच वापरूचो. थय माणसां खंडीभर. हय आपण दोघाच तर आसव. नियम कोणासाठी?"

"दोघाच आसव म्हणानच. तुमका ताप इलो काय मी एकटीच रवतंय."

भावजी हसले. दुसऱ्या दिवशी ती फाइल लिहायला बसले, आणि बसले ते आपल्या स्वभावाप्रमाणे. मेकच्या जागी म्हणाले आपण 'रांध' ठेवूया. पुसायच्या आज्ञेला 'झाड', आणि तपासायच्या आज्ञेला 'चाख'.

मी म्हटलं, "नको. जगात ज्या नावान चलता त्याच नावान ठेवा."

"आपला घर, आपली नावां. तुमका लाज वाटता मालवणीची?"

"लाज कसली? तुमी-मी नसताना हय कोण परको येवन बसलो, तर तो पयला काय टाइप करतलो? मेकच मां? मगे तेका आधी तुमचा रांधप शिकवूचा काय?"

आये दारात मासे निवडत होती. ती तिथून म्हणाली, "ह्येंका रांधूक येता खंय, नाव ठेवूक निघालेत." तिथे तो वाद संपला. तीन नावं राहिली, सगळीकडे असतात तीच. मेक म्हणजे कर. मेक क्लीन म्हणजे केलेलं सगळं पक्कं पुसून टाक, नुसतं कच्चं ठेव. मेक टेस्ट म्हणजे तपास. तपासायला आम्ही रेडीहून मागच्या हंगामातल्या हाताने लावलेल्या पाळ्या आणल्या होत्या. प्रोग्राम त्याच दिवसांच्या पाळ्या, तेव्हा वाळूवर जेवढं पाणी लागायचं तेवढंच धरून, लावायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक सांगायचा. फरक नाही असं आलं की मी चहा ठेवायची.

मेक आणि मेक टेस्ट आम्ही रोज करायचो. मेक क्लीन मात्र आमच्याकडे नुसतं लिहिलेलं होतं. सगळं पुसून परत पक्कं करायला त्या मशीनला बराच वेळ लागायचा, आणि आचऱ्याची लाइट. भावजी म्हणायचे, "लाइटीचो भरवसो नाय, आणि तुमी माका सगळा पुसूक सांगतास." मी पण फार लावून धरलं नाही. करायचं काय, चालत होतं ना सगळं.

अशात गावपळण आली.

बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी एकदा अख्खा गाव गाव सोडून जातो. देवाचा कौल लागतो, दिवस ठरतो, देवळात नगारा वाजला की माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं, सगळ्यांनी वेशीबाहेर पडायचं. देवळात येणारे आणि न येणारे, सगळे धर्म, सगळ्या वाड्या. बाहेर माळावर झावळांच्या झोपड्या घालायच्या आणि तीन रात्री तिथे राहायचं. मग परत कौल घ्यायचा, देवाने हो म्हटलं तर घरी. तोवर गावात कोणी पाऊल टाकत नाही. गावात चूल नाही, दिवा नाही, आवाज नाही. माझं माहेरही गावातलंच, म्हणून लहानपणापासून मला ते दिवस दिवाळीपेक्षा आवडायचे. चार वाड्यांतल्या ज्या बायका एरवी लग्नाकार्यात भेटतात त्या शेजारी झोपडी घालून असतात, भजनं होतात, फुगड्या होतात, सगळ्यांच्या चुली उघड्यावर आणि कोणाकडे काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक.

पण त्या वर्षी रेडीच्या साहेबांनी प्रोग्राम बघायचा दिवस दिला तो नेमका त्या तीन रात्रींच्या मधला. भावजींनी दिवस पुढे ढकलायला सांगून बघितलं. साहेब म्हणाले, बोट त्याच दिवशी लागणार आहे, खऱ्या बोटीवर दाखवा, नाहीतर मुंबईच्या एका कंपनीचे लोक त्यांचा प्रोग्राम दाखवायला तयार आहेत. आणि जाता जाता सांगितलं की पावसाळ्यानंतर वाळू सरकली आहे, भरलेल्या बार्जला आता पूर्वीपेक्षा जास्त पाणी लागतं, तेवढा बदल प्रोग्राममध्ये हवा.

निघायच्या दिवशी एकीकडे आये कोंबड्या पाटीखाली गोळा करतेय, दुसरीकडे आम्ही पडवीत तो बदल करतोय. बदल लिहून झाला. भावजींनी सगळे कच्चे तुकडे, तपासायच्या जुन्या पाळ्या आणि मेकची फाइल फ्लॉपीवर उतरवली. मी मेक टाइप करणार, एवढ्यात लाइट गेली. थोड्या वेळाने नगारा वाजला. कॉम्प्युटरवर चादरी घातल्या, दाराला कडी घातली आणि निघालो.

वाटेत भावजी म्हणाले, "कसालाक माझो दोस्त आसा. तेच्याकडे कॉम्प्युटर आसा. थय मेक करूया."

"तुमका फाल्याच रेडीक जावक होया. थयला मशीन कोण लावतला?"

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुमी रेडीक जावा. मी कसालाक जातंय. मेक करतंय, टेस्ट करतंय, आणि परवा सकाळच्या एसटीन फ्लॉपी घेवन येतंय."

"जमात?"

"मेक टाइप करूक काय जमूचा आसा? तेच्यासाठीच केला मां ता सगळा?"

फुशारकी नव्हती. मला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भावजी पहाटे रेडीला गेले आणि मी कसालला निघाले. आये म्हणाली मी पण येते, कारण तिचं विरजण घरी राहिलं होतं. सगळं आणलं, चूल फुंकायची नळी आणली, आणि रोजच्या दह्याची वाटी फडताळात तशीच. माळावर शेजारणींकडे मागितलं तर अर्ध्याजणी तेच विसरून आलेल्या. आयेचं म्हणणं, कसालला बाजार आहे, कुठेतरी मिळेल. भावजींच्या दोस्ताचं सिमेंट आणि पाइपांचं दुकान होतं हायवेला. आत गेलो तर कॉम्प्युटर काउंटरमागे, वर प्लॅस्टिक, त्याच्यावर दसऱ्याला घातलेली झेंडूची सुकलेली माळ, आणि पडद्याच्या काचेवर कुंकवाचं बोट.

"वर्ष झाला आणून," दुकानदार म्हणाले. "मुलगो म्हणालो घेवया म्हणान घेतलंय. पूजा करतंय. बाकी माका काय कळणा नाय. बसा वैनी. धक्को बसलो तर माका नाव ठेवू नकात."

मी माळ काढून ठेवली, कुंकू पदराने पुसलं, मशीन चालू केलं. कंपायलरच्या फ्लॉप्या मी बरोबर आणल्या होत्या, त्या चढवल्या. आमची फ्लॉपी घातली. मेक टाइप केलं.

एकेक तुकडा पक्का होत गेला. आये माझ्या मागे बाकावर बसली होती. मग मशीन थांबलं आणि पडद्यावर एक ओळ आली. त्या मेकची बोलण्याची पद्धत मला आवडायची, अगदी सरळ. त्याने सांगितलं की भरतीचा पक्का तुकडा कसा करायचा ते मला माहीत नाही.

मी फ्लॉपी परत परत बघितली. भरतीचा कच्चा तुकडा नव्हताच. मग माझ्या लक्षात आलं. भरतीचा तुकडा भावजींनी आपल्या मुंबईच्या कुठल्या तरी जुन्या कामातून आयता, पक्का उचलून आणला होता. घरच्या मशीनवर तो पक्का पडलेलाच होता, म्हणून मेकला तो कधी करावा लागला नाही, म्हणून त्याने कधी तक्रार केली नाही. आम्ही कधी मेक क्लीन केलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. भावजींनी फ्लॉपीवर उतरवले ते कच्चे तुकडे. आणि हा राहिला तिकडे, आयेच्या विरजणासारखा, रिकाम्या गावात, रिकाम्या घरात, चादरीखाली.

"काय झाला गो?" आयेने विचारलं.

"एक फाइल घराकडे रवली."

दुकानदार पुढे आले. "माझी स्कूटर आसा. मागच्या पाणंदीन जावया, फाइल घेवया आणि येवया. कोण बघता?"

आयेने त्यांच्याकडे बघितलं. "कोणी बघूक कशाक होया? गाव रिकामो आसा म्हणजे रिकामो आसा."

दुकानदार म्हणाले, "तसा न्हय काकी, वैनींचा काम अडला म्हणान म्हटलंय."

"काम तिचा आसा. ती बघतली."

मला खरं सांगायचं तर गावात जायचं मनात आलंच नाही. देवाच्या धाकाने म्हणाल तर तेवढंच नव्हे. पोरं, म्हातारी, बाळंतिणी, सगळा गाव झावळांखाली बसलेला, आणि मी एका फाइलसाठी मागच्या पाणंदीने जाणार? आणि फाइल आणायलाही तिकडे लाइट आली असेल तरच. पण ह्याहून एक गोष्ट मला बोचत होती. जो प्रोग्राम आमच्या पडवीत गेल्याशिवाय होत नाही, तो साहेबांना कसला द्यायचा? ते पडवीतलं फर्निचर झालं.

मी म्हटलं, "काका, पेन्सिल असली तर द्या. मी नवीन लिवतंय."

भरतीचं गणित मला ठाऊक होतं. वेळांच्या पुस्तकाच्या शेवटी ते दिलेलं होतं आणि भावजींशी मी त्यावर चार वेळा बोलले होते. आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला खाडीत उतरलेल्या कोणालाही ते अंगाने माहीत असतं. पाणी साधारण सहा तास चढतं, पण सारखं चढत नाही. पहिल्या तासाला आळसावलेलं असतं. मग अंग धरतं. मधल्या दोन तासांत धावतं, तेव्हाच तुमची टोपली वाहून जाते. मग परत मंदावतं. एकूण चढाचे बारा भाग केले तर एक, दोन, तीन, तीन, दोन, एक, असं ते वाटलं जातं. हे सीमध्ये लिहायला पान पण भरत नाही.

मी सिमेंटच्या पावतीच्या मागे आधी लिहून काढलं, मग टाइप केलं. मेकच्या फाइलमध्ये ओळ घातली की भरतीचा पक्का तुकडा ह्या कच्च्यापासून होतो. आये कंटाळून आत गेली, दुकानदारांच्या बायकोकडे. आतून दोघींच्या गप्पा ऐकू येत होत्या, गावपळणीच्या, कोणाची सून कशी, कोणाची म्हैस कशी. बाहेर हायवेला ट्रक जायचे आणि प्रत्येक ट्रकला पाइप थरथरायचे. लाइट दोनदा मिचकावली. मी दर चार ओळींना फाइल ठेवून घेत होते.

मेक केलं. झालं. मेक टेस्ट केलं. पडद्यावर फरकच फरक.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. नाही. टेस्टचा फायदाच हा, की ती तुम्हाला नुसतं चूक म्हणत नाही, कुठली चूक ते दाखवते. मी ओळीने बघत गेले. निम्म्या पाळ्या बरोबर आणि निम्म्या चूक. चढत्या पाण्यावर निघालेले बार्ज सगळे बरोबर होते. उतरत्या पाण्यावरचे सगळे चूक. तुकड्याचं नाव भरती, म्हणून मी भरती लिहिली आणि ओहोटी लिहायचीच राहिली होती. पाणी चढतंच आहे चढतंच आहे, बोट डोंगरावर नेऊन ठेवेल असं. मी एकटीच हसत बसले.

दुकानदार म्हणाले, "झाला काय?"

"होता. पाणी उतरवूचा रवला."

उतरवलं. मेक. मेक टेस्ट. फरक नाही. मग मी जे घरी कधी केलं नव्हतं ते केलं. मेक क्लीन टाइप केलं आणि सगळं पक्कं पुसून टाकलं. परत पहिल्यापासून मेक, परत टेस्ट. फरक नाही. लाइट तेवढा वेळ टिकली. फ्लॉपी काढली, तिची एक कॉपी केली, आणि मशीनवर माळ होती तशी घातली.

आये आतून आली ती करवंटीत विरजण घेऊन, वर केळीचं पान बांधलेलं. एसटीत बसल्यावर म्हणाली, "तुझा बरा. तुका कोणाच्या दारात मागूक जावक नाय लागला."

मी म्हटलं, "दुकान तर तेंचाच होता मां."

"ता खरा," म्हणाली आणि करवंटी मांडीवर घट्ट धरून झोपली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी रेडीला पोचले. भावजी ऑफिसच्या बाहेर पायरीवर उभे होते, दाढी वाढलेली. बंदरात बार्ज भरून तयार होते आणि लांब समुद्रात बोट दिसत होती. मी आत जायच्या आधी त्यांना बाजूला घेतलं.

"भावजी, भरतीची फाइल फ्लॉपीवर नव्हती."

त्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा. ती पक्कीच आसा मां. कच्ची दुसऱ्या डिरेक्टरीत... वैनी, मगे?"

"नवीन केलंय."

"काय, भरती?"

"भरती आणि ओहोटी पण."

"टेस्ट?"

"झाली. क्लीन करून परत झाली."

त्यांनी पायरीवर बसून घेतलं. मग उठले, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चला."

रेडीचे साहेब वेंगुर्ल्याकडचे, ऑफिसात शुद्ध बोलायचे. मी पण मग शुद्ध बोलले. त्यांनी फ्लॉपीला हात लावायच्या आधीच विषय काढला.

"तुमच्या गावाला सध्या कुलूप आहे म्हणे."

"हो," मी म्हटलं. "उद्या कौल मिळाला तर उघडेल."

"आणि नाही मिळाला तर?"

"मग परवा."

"बाई, मी देवाला मानतो. माझ्या घरी पण देव आहे. पण माझे बार्ज तुमच्या कौलावर कसे चालतील? भर हंगामात मला प्रोग्राममध्ये काही बदलायचं झालं आणि तुमचा गाव रानात गेलेला असला, तर मी काय करू? मुंबईच्या लोकांचा गाव तरी पळत नाही."

भावजी काही तरी बोलायला गेले. मी त्यांना थांबवलं. हाच प्रश्न येणार हे मला कसालच्या दुकानातच कळलं होतं, कारण मी तो स्वतःलाच विचारला होता.

"साहेब, गाव बंद आहे आणि प्रोग्राम इथे आहे," मी म्हटलं. "हा आमच्या गावात झालेला नाही. कसालला सिमेंटच्या दुकानात झालाय. तुम्ही ह्या खुर्चीवर बसा. इथेच तुमच्या हाताने करा."

"मी? मला प्रोग्रामिंग येत नाही."

"यायला नको. टाइप करता येतं ना?"

ते बसले, थोडे हसत, थोडे संशयाने. भावजींनी मशीनवर कंपायलर आणि आमचे तुकडे, कसालला झालेल्या प्रोग्रामसकट, चढवले. मी म्हटलं, आधी मेक क्लीन टाइप करा. साहेबांनी एका बोटाने अक्षरं शोधत शोधत टाइप केलं. भावजींनी नकळत हात पुढे केला, आणि मागे घेतला. आमच्या दोघांशिवाय तिसऱ्या कोणाला आमचा प्रोग्राम पुसताना ते पहिल्यांदाच बघत होते.

"काही राहिलं नाही इथे," साहेब म्हणाले. "प्रोग्राम गेला."

"जाऊ दे. आता मेक."

मशीन कुरकुरत बसलं. एकेक तुकडा पक्का झाला. भरतीच्या तुकड्यावर भावजी पडद्याकडे वाकले. तो पण गेला पुढे. जोडणी झाली. मग मेक टेस्ट. मागच्या हंगामाच्या पाळ्या, त्यांच्याच माणसांनी लावलेल्या, एकेक करून पडद्यावरून सरकल्या आणि खाली आलं, फरक नाही.

साहेबांनी विचारलं, "हे मी केलं?"

"तुम्हीच केलंत. आम्ही दोघं रानात असतो तरी केलं असतंत. मुंबईच्या कोणालाही बोलावून बसवा, तो पण पहिलं हेच टाइप करेल. आमची खास नावं नाहीत ह्यात."

भावजींनी माझ्याकडे बघितलं. रांध आणि चाख त्यांना आठवलं असणार.

मग त्या दिवसाच्या खऱ्या पाळ्या काढल्या. सरकलेल्या वाळूसाठी लागणारं जास्तीचं पाणी त्यात धरलेलं होतं. कागद घेऊन साहेब स्वतः धक्क्यावर गेले. पहिला बार्ज सांगितलेल्या वेळेला निघाला, उंचवट्यापाशी थोडा हळू झाला आणि पार गेला. आम्ही खिडकीतून बघत होतो. दुसरा निघाला. तिसऱ्याच्या वेळेला साहेब परत आले आणि त्यांनी मला विचारलं, ती तीन नावं एका कागदावर लिहून मशीनला चिकटवाल का? मी तिथेच टाइप करून दिली. काम आम्हाला दिलं असं तोंडाने म्हणाले नाहीत. नवीन हंगामाच्या दोन गोष्टी अजून घालायच्या आहेत, त्या कधी देता, एवढं विचारलं. भावजी म्हणाले, गाव उघडला की.

"कौल मिळाला की," साहेबांनी सुधारलं.

दुसऱ्या दिवशी कौल मिळाला. सगळा गाव आत शिरला, आधी गुरं धावली, ती माणसांच्या पुढे. गावात पाय टाकल्यावर एक वास येतो, बंद घरांचा आणि ओल्या पानांचा, तो मी दरवेळी खोल घेते. आयेने आल्या आल्या फडताळातली जुनी वाटी बघितली, नाक मुरडलं, मागच्या दाराने माडाच्या मुळाशी ओतली आणि घासून पालथी घातली. मग दूध तापवून त्याला करवंटीतलं विरजण लावलं.

भावजी पडवीत. चादरी काढल्या होत्या, लाइट होती. मी गेले तर ते नुसते पडद्याकडे बघत होते. जुना भरतीचा पक्का तुकडा तिथेच होता, मुंबईपासून बरोबर आलेला.

"वैनी," ते म्हणाले, "ह्येचा काय करूचा? माझा पयला काम ता."

"कच्चा आसा मां तुमच्या दुसऱ्या डिरेक्टरीत? ता ठेवा जपान. ह्याचा काय ता मेक क्लीन बघतला."

त्यांनी बोटं कीबोर्डवर ठेवली, पण टाइप केलं नाही. मग खुर्ची मागे सरकवली आणि उठले.

"तुमीच बसा," म्हणाले.

मी बसले. कॉपीची फ्लॉपी घालून नवे कच्चे तुकडे चढवले आणि मेक क्लीन टाइप केलं. आतून आयेने विचारलं, लाइट आसा काय? मी म्हटलं, आसा. आणि मेक चालू केलं.